दोष बोटाचा की बटणाचा?



मी विठ्ठलवाडीहून बोलतेय. कल्याण सोडून कर्जतकडे जाणारी लोकल पहिल्यांदा जिथं थांबते, ते आमचं स्टेशन. एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. या पट्ट्यातल्या महिला बचत गटांची मी समन्वयक आहे. म्हणजे बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, बँकेत सोबत जायचं, आणि दोघींचं बिनसलं तर मध्ये बसून चहा प्यायचा.

याआधी मी तुमच्याशी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले आहे, पापडाच्या पॅकिंगवरही बोलले आहे. आज बोलणार आहे कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर. तुम्ही म्हणाल, हिला आता हे काय सुचलं? पण रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट कीबोर्डची असली तरी त्यात माझी एक मोठी चूक आहे, आणि त्या चुकीची शिक्षा तीन आठवडे दुसऱ्याच बाईनं भोगली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या एका गटानं दोन वर्षांपूर्वी टायपिंगचं काम सुरू केलं. तळमजल्यावरची एक खोली, दोन जुने कॉम्प्युटर, एक प्रिंटर. सोसायटीच्या नोटिसा, अर्ज, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, लग्नपत्रिकेचा मजकूर, कधी एखाद्या निवृत्त गुरुजींचं हस्तलिखित. दुपारी काम कमी असलं की गटातल्या दोघी-तिघी सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव करतात. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. मराठी 30 शब्द मिनिटाला, मग 40 शब्द. पूर्वी टाइपरायटरवर व्हायची, आता कॉम्प्युटरवर होते. ज्या बाईला बारावीनंतर लग्न, मुलं, सासू-सासरे यांत पंधरा वर्षं गेली, तिच्यासाठी हा एक कागद म्हणजे घराबाहेर पडायचा दरवाजा असतो.

तर या खोलीत आमचे कीबोर्ड मरत होते. वीस महिन्यांत तीन. हिशेबाच्या वहीत 400, 350, 400 अशा नोंदी आहेत. एकाची वरची अख्खी ओळ बंद पडली. दुसऱ्याचा स्पेसबार दाबला की वर यायलाच तयार नाही. तिसऱ्यावर एका छोट्या राजकुमारानं दुधाचा पेला पालथा केला.

तिसरा मेला तेव्हा मी तो टाकून न देता मागचे स्क्रू काढून उघडला. तुम्हीही घरी एखादा बंद पडलेला उघडून बघा, भीती अर्धी कमी होते. आत काय होतं? रबराची एक चादर, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली एकेक फुगा. खाली प्लॅस्टिकचे पातळ कागद आणि त्यांवर छापलेल्या चंदेरी रेषा. बटण दाबलं की फुगा दबतो, दोन कागद एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. एकेक रेषा अनेक बटणांना जोडलेली असते. म्हणून एका जागी ओल शिरून रेष खाल्ली गेली की एक बटण नाही, सगळी रांगच जाते. आणि ती रेष पुन्हा जोडणं आपल्यासारखीच्या हातचं काम नाही.

मी एक साधा हिशेब केला. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एन्ट्रीच्या परीक्षेत तासाला 8000 वेळा बटण दाबण्याचा वेग मागतात. तोच धरू. दिवसाला चार तास, महिन्याला 25 दिवस, म्हणजे महिन्याला आठ लाख दाब. समजा त्यातला दहावा भाग एकाच बटणावर पडला. महिन्याला ऐंशी हजार, वर्षाला साधारण दहा लाख. साध्या रबरी कीबोर्डचं बटण पन्नास लाख ते एक कोट दाबांपर्यंत टिकतं असं धरतात. म्हणजे पाच वर्षं तरी चालायला हवं. आमचे तर सहा-सात महिन्यांत गेले! म्हणजे ते झिजून मेले नव्हते. ओल, धूळ, वायरला बसलेले हिसके आणि सांडलेलं दूध यांनी मेले होते. हे मला फार उशिरा कळलं, पण पुढं सगळा उपयोग याच गोष्टीचा झाला.

वस्तीतला एक कॉलेजचा मुलगा आपला मेकॅनिकल कीबोर्ड विकत होता. 1500 रुपये म्हणाला. मी बैठकीत विषय मांडला. आमच्या गटातल्या सगळ्यात वडील मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, चारशेचा मिळतो तिथं पंधराशे? आणि तोही वापरलेला? सोन्याची बटणं आहेत का त्याला?" हशा झाला. पण मावशींचा प्रश्न बरोबर होता. गटाचा पैसा म्हणजे दहा जणींनी महिन्याला शंभर-शंभर करून जमवलेला पैसा.

मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमचं शिलाई मशीन किती वर्षांचं?" म्हणाल्या, "लग्नातलं. पस्तीस वर्षं झाली." "बिघडलं नाही कधी?" "बिघडलं ना, दहादा. पण उघडता येतं बाई. बॉबिन केस बदल, पट्टा बदल, सुई बदल, की झालं." मी म्हटलं, "हा कीबोर्ड तसा आहे. याचं प्रत्येक बटण म्हणजे एक वेगळं यंत्र. एक बिघडलं तर एकच बदलायचं." मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग तसं सांग ना. सोन्याचं काय घेऊन बसलीस." विषय त्यांनीच काढला होता, पण असो. ठराव मंजूर झाला.

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटी डबी असते, तिला स्विच म्हणतात. आत एक स्प्रिंग, एक वर-खाली होणारा दांडा आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या. दांडा खाली गेला की पट्ट्या टेकतात, अक्षर उमटतं. दांड्याचं डोकं अधिकच्या चिन्हासारखं असतं, त्यावर बटणाची टोपी बसते. हा घाट चेरी नावाच्या जर्मन कंपनीनं 1980च्या दशकात आणला. पुढं त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि कितीतरी कारखाने तसेच स्विच बनवू लागले. त्याचा आपल्याला फायदा हा की एकाचा स्विच दुसऱ्याच्या कीबोर्डात बहुतेक वेळा बसतो. असा स्विच पाच कोटी दाबांपर्यंत टिकेल असं बनवणारे सांगतात.

काही कीबोर्डांत स्विच डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून बसवलेले असतात. काहींत नुसते सॉकेटमध्ये खोचलेले असतात, बल्बसारखे. त्यांना हॉट-स्वॅप म्हणतात. आमचा नशिबानं खोचलेल्या स्विचचा निघाला. तुम्ही घेणार असाल तर हा एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा. विचारणारीला तो लगेच वेगळ्या नजरेनं बघायला लागतो, हा माझा अनुभव.

हा कीबोर्ड खोलीत आला आणि त्याच्या टकटकीनं मला माझा टायपिंगचा क्लास आठवला. बारावीनंतर मी कल्याणला टाइपरायटरवर शिकले. लोखंडी टेबलांच्या रांगा आणि त्यांवर गोदरेजची मशीन. गोदरेजनं 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढं कितीतरी वर्षं कोर्टाबाहेर, तहसील कचेरीत, क्लासमध्ये तीच मशीन वाजत होती. 2009 साली त्यांनी उत्पादन थांबवलं, आणि 2011मध्ये शेवटची थोडी मशीन शिल्लक असल्याची बातमी पेपरात आली तेव्हा मला उगीच हळहळ वाटली. आमच्या क्लासमध्ये महिन्यातून एकदा एक म्हातारे मेकॅनिक यायचे. मशीन आडवं करायचे, ब्रशनं अक्षरांच्या खोबणीतली शाई काढायचे, कुठंतरी तेलाचा एक थेंब सोडायचे. मशीन पुन्हा नव्यासारखं धावायचं.

तो तेलाचा थेंबच माझ्या डोक्यात राहिला आणि तिथंच घात झाला.

कीबोर्ड घेऊन दोन महिने झाले असतील. पावसाळा होता. 'के'चं बटण दाबताना किर्र असा बारीक आवाज येऊ लागला. मी फार शहाणपणा करून मावशींच्या मशीनच्या तेलाची बाटली आणली, टोपी काढली आणि दोन थेंब सोडले. आवाज गेला. मी खूष. कोणाला सांगावं असंही वाटलं नाही.

आता 'के'च्या बटणाचं महत्त्व सांगते. आपल्याकडं बऱ्याच जणी जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर मराठी शिकतात. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये तीच मांडणी असते. तिथं 'के'वर काना असतो. आणि काना फक्त 'का', 'मा' लिहायला लागत नाही. भ, श, ष, ण, ध, थ, ख, घ या अक्षरांचं आधी अर्धं रूप टाइप करायचं आणि मग काना देऊन ते पूर्ण करायचं. 'भाषण' हाच शब्द घ्या. अर्धा भ, काना, पुन्हा काना, अर्धा ष, काना, अर्धा ण, काना. सात दाबांत चार वेळा काना! उजव्या हाताचं मधलं बोट सगळ्यात जास्त राबतं ते यामुळं. इन्स्क्रिप्ट मांडणीत अक्षरं पूर्ण असतात, तिथं 'भाषण'मध्ये काना एकदाच येतो. पण जी ज्या मांडणीवर शिकली, तिची बोटं त्याच वाटेनं जाणार.

आमच्या गटात एक जण या मांडणीवर 30 शब्दांच्या परीक्षेचा सराव करत होती. तिला मी वहिनी म्हणते. दोन मुलं, नवऱ्याची नोकरी कंत्राटी. सकाळचा स्वयंपाक उरकून साडेअकराला खोलीवर यायची, दीडला शाळा सुटायच्या आत परत. दिवसाचे हेच दोन तास तिचे स्वतःचे. तिचा वेग चांगला बसला होता. आणि अचानक चुका वाढल्या. कुठं काना गळायचा, कुठं दोनदा उमटायचा. 'शाळा' लिहायला जावं तर 'श' अर्धाच, पुढं 'काम'चं 'कााम'. पानात वीस-वीस चुका.

पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, माझं बोट चुकतंय." मी म्हटलं, "सराव वाढवा." दुसऱ्या आठवड्यात तिनं उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तेल लावून चोळायला सुरुवात केली. घरी पोळपाटावर बोट आपटून सराव करायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "ताई, परीक्षेची फी भरली नसती तर बरं झालं असतं. पंधरा वर्षांनी कुठं येतंय का? हात जड झालाय माझा." आणि मी, बी.ए. झालेली, गटांना आत्मविश्वासावर व्याख्यानं देणारी, मी तिला काय म्हणाले? "लक्ष देऊन करत नाही तुम्ही. घरचं टेन्शन घरी ठेवून येत जा." ती काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी एक अर्ज मलाच टाइप करायचा होता. तिसऱ्याच शब्दाला काना गळला. मी मागं जाऊन पुन्हा दाबला, तर दोन उमटले. माझ्या अंगावर काटा आला. मी अर्ज बाजूला ठेवला आणि कोरं पान उघडलं. हळूहळू, मोजून, 'के'चं बटण शंभर वेळा दाबलं. दहाच्या दहा ओळी. मग उमटलेले काने मोजले. काही ओळींत आठ, काहींत बारा. शेजारचं 'जे' शंभर वेळा दाबलं, तर शंभरच्या शंभर. बोट माझं होतं, वहिनींचं नव्हतं. चूक मात्र तीच होती.

मैत्रिणींनो, मी जो तेलाचा थेंब सोडला होता तो दांड्यावरून ओघळून त्या धातूच्या पट्ट्यांवर गेला होता. त्यावर पावसाळ्याची ओल आणि खोलीतली धूळ बसून चिकट थर झाला. पट्ट्या कधी टेकत, कधी नाही, कधी थरथरून दोनदा टेकत. टाइपरायटरमध्ये लोखंडाचा दांडा लोखंडावर घासतो, तिथं तेल औषध असतं. स्विचच्या आत वीज जाते, तिथं मशीनचं तेल विष. खोबरेल तर त्याहून वाईट, आपल्याकडं थंडीत ते गोठतं. मला दोन यंत्रांतला फरक कळला नाही आणि सोसलं वहिनींनी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दारातच सांगितलं, "वहिनी, तुमचं बोट चांगलं आहे. बटण मी बिघडवलंय." तिला आधी पटेना. तिला वाटलं मी समजूत काढायला आले आहे. तिला खोलीवर घेऊन आले, शंभर वेळा दाबायला लावलं, मोजायला लावलं. मोजून झाल्यावर ती बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी रात्री झोपले नाही हो या बोटापायी." मला उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या महिन्याच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर ही चूक सांगितली आणि इतिवृत्तात लिहूनही घेतली.

आता ते बटण आम्ही कसं दुरुस्त केलं ते ऐका. नवा स्विच विकत आणला नाही. कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात 'स्क्रोल लॉक' नावाचं एक बटण असतं. कोणी कधी दाबत नाही. त्याच्या खालचा स्विच अगदी कोरा. वायर काढून ठेवली, टोपी काढायच्या चिमट्यानं दोन्ही टोप्या काढल्या, स्विचच्या दोन बाजूंच्या खिट्ट्या दाबून तो सरळ वर ओढला, आणि अदलाबदल केली. वाकडा ओढायचा नाही आणि बसवताना खालच्या दोन पिना वाकल्या नाहीत ना ते बघायचं, एवढंच पथ्य. दहा मिनिटांचं काम. ते वहिनींनी स्वतःच्या हातानं केलं. मग शंभर वेळा दाबलं. शंभर काने. त्यांचा चेहरा तुम्हाला रेडिओवर दाखवता येत नाही याचं वाईट वाटतं.

एकदा उघडायची भीती गेल्यावर आम्ही ठरवलं की हा कीबोर्ड आता पक्का करायचा. आधीचे तीन कशानं मेले ते माहीत होतं, त्यामुळं कुठं हात घालायचा तेही माहीत होतं. पाच गोष्टी केल्या. कागद-पेन जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिली गोष्ट, वायर. खोलीत मुलं येतात, पाय अडकतो, वायरला हिसका बसतो आणि तो थेट आतल्या जोडावर येतो. जोड सुटला की कीबोर्ड गेला. आम्ही मागचं झाकण उघडलं आणि वायर बाहेर पडते तिथं आतल्या बाजूनं तिला प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट आवळला. आता बाहेरून ओढलं तर तो टाय झाकणाला अडतो, हिसका जोडापर्यंत जात नाही. शिवाय वायर टेबलाच्या पायाला बांधून टाकली. ज्यांच्या कीबोर्डची वायर निघणारी असते, त्यांनीही ती टेबलाला बांधावीच.

दुसरी, पोकळी. बोर्डाखाली रिकामी जागा असली की जोरानं टाइप करताना बोर्ड किंचित लवतो. रोजच्या लवण्यानं जोड सैल पडतात. मुलांच्या हस्तकलेची फोमशीट मिळते ना, ती मापानं कापून त्या पोकळीत पसरली. स्क्रूच्या जागी भोकं ठेवली. दाबून ठासायची नाही, झाकण सहज बसलं पाहिजे. स्पंज नको, तो ओल धरतो. आणि चमचमता चांदीचा कागद तर चुकूनही नको, त्यातून वीज जाते. फोममुळं आवाजही निम्मा झाला. शेजारच्या काकू दुपारी झोपतात, त्यांनी आभार मानले.

तिसरी, लांब बटणं. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्या खाली एक तारेचा आकडा असतो, दोन्ही टोकं सारखी खाली जावीत म्हणून. तो सैल असेल तर बटण खडखडतं आणि एका बाजूला अडकतं. तिथं मात्र वंगण चालतं, कारण तिथं वीज नाही. पण तेल नाही, सिलिकॉन ग्रीस. काडीच्या टोकावर येईल इतकंच, तारेच्या दोन टोकांना. माझ्या हातात आता बाटली देत नाहीत, हे काम मावशींनी केलं.

चौथी, स्क्रू आणि टोप्या. प्लॅस्टिकमध्ये बसणारा स्क्रू हातानं लागेल तेवढाच आवळायचा. जास्त पिळला की आटे जातात आणि झाकण कायमचं खुळखुळं होतं. टोप्यांवरची अक्षरं पुसतात म्हणून एकीनं वर पारदर्शक नेलपॉलिश लावायची युक्ती सुचवली. तसं करू नका, नेलपॉलिशमधल्या द्रावणानं साधं प्लॅस्टिक विरघळतं. टोप्या बदलायच्याच असतील तर पीबीटी प्लॅस्टिकच्या मागा, त्या कमी गुळगुळीत होतात. नाहीतर अक्षरं पुसली तर पुसू द्या. आमच्या क्लासमध्ये सर बटणांकडं बघूच देत नसत.

पाचवी, ओल. रात्री कीबोर्ड उघडा ठेवायचा नाही. आमच्या शिवणकाम करणाऱ्या दोघींनी मोडलेल्या छत्रीच्या कापडाचं कव्हर शिवलं, कडेला इलॅस्टिक. आत चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि चहा, दूध, पाणी दुसऱ्या टेबलावर, हा खोलीचा नियम. तरीही काही सांडलंच तर आधी वायर काढा, कीबोर्ड पालथा करा, टोप्या काढा. गोड काही सांडलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यानं ओल्या केलेल्या कापसानं साखर पुसून घ्या आणि निदान दोन दिवस पंख्याखाली सुकवा. घाईनं जोडून बघू नका, ओल्या कीबोर्डात वीज गेली तर तो मरू शकतो.

या सगळ्याला खर्च किती आला? फोमशीट, केबल टाय, ग्रीसची छोटी नळी, टोप्या काढायचा चिमटा, असे मिळून दोनशेच्या आत. लागणारे स्विचही उद्या आणायचे झाले तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात. वहीत आता चारशेच्या नोंदी थांबल्या आहेत. मावशी दर बैठकीत ते पान उघडून बघतात, बोलत काही नाहीत.

आणि खोलीत एक नवीन नियम लागलाय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, काम सुरू करायच्या आधी, जास्त वापराची बटणं शंभर-शंभर वेळा दाबून मोजायची. काना, वेलांटी, मात्रा, स्पेस. जिच्या पाळीत असेल तिनं वहीत सही करायची. कोणीही चुकली तर आधी बटण मोजायचं, बोटाबद्दल नंतर बोलायचं.

वहिनींची परीक्षा झाली. 30 शब्दांची परीक्षा त्या पास झाल्या. हे कीबोर्डामुळं झालं असं मी म्हणणार नाही. परीक्षा केंद्रावर त्यांना वेगळाच कीबोर्ड होता, आणि तोही साधा रबरी. पण जाताना त्या मला म्हणाल्या, "ताई, तिथं बसल्या बसल्या मी पहिल्यांदा काना दहादा दाबून बघितला. बरोबर होता. मग म्हटलं, आता जे होईल ते माझं." आता त्या 40 शब्दांचा सराव करतात आणि नव्या आलेल्या दोघींना स्विच काढायला शिकवतात.

मैत्रिणींनो, आपल्याला एक सवय आहे. भाकरी थापताना चिरली की आपला हात वाईट, शिलाई सुटली की आपलं लक्ष नाही, मशीन अडलं की आपल्याला कळत नाही. पीठ जुनं आहे का, सुई बोथट आहे का, बटण बिघडलं आहे का, हे आपण शेवटी बघतो. आणि आजूबाजूची माणसंही तेच सांगतात. मीही तेच सांगितलं होतं, गटाची समन्वयक असून. ज्या हत्यारावर आपण पोट भरतो ते उघडून बघायला शिका. शिलाई मशीन असो, घरघंटी असो, मिक्सर असो की कीबोर्ड. वीज काढून, सावकाश, मुलांना लांब ठेवून. सगळंच दुरुस्त करता येईल असं नाही. पण दोष कुठं आहे ते कळेल, आणि जो दोष आपला नाही तो डोक्यावर घेऊन रात्र जागायची वेळ येणार नाही.

तुमच्या घरी बंद पडलेला एखादा जुना कीबोर्ड असेल तर भंगारात देऊ नका. आमच्या खोलीत आणून द्या. नव्या मुली त्याच्यावरच उघडायला शिकतात.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.